तोंड मिटून पाच फेरे

कुणावर भरवसा ठेवाल, पाहुणे? शपथा घेणाऱ्यावर, की ज्याचे काम डोळ्यांनी पाहिले त्याच्यावर? उत्तराची घाई नको. बसा, गूळ-पाणी घ्या. चावडीपुढे तो दगडी घाणा दिसतो ना? त्यातून तेल निघाल्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. पण करडवाडीचा नवरदेव अक्षता पडण्याआधी डोळ्यांना फडके बांधून, घाण्याच्या आडव्या लाकडाला खांदा लावून पाच फेरे घालतो. करवल्या चिडवतात, गुदगुल्या करतात. त्याने तोंड उघडायचे नाही.

असे सांगतात की फार मागे डोंगरापलीकडे मोठी लढाई झाली. इथे तेव्हा जेमतेम सात उंबरे. त्यांतल्या एका घरात आवडाई तेलीण एकटीच राहत होती. लढाईने तिचा भाऊ नेला, आणि घाण्याचा बैल आपल्याच फौजेने ओझी वाहायला नेला. भावाचे सुतकही फिटले नव्हते, तोच करडईच्या शेतात तिला शत्रूकडचा एक शिपाई पडलेला दिसला. मांडीत भाल्याची जखम, नाव दलपत, बोली दूरदेशीची. तिच्या हातात विळा होता. पण पाणी मागणाऱ्यावर तो उगारायला हात काही धजेना. तिने पाणी पाजले, जखमेत हळद भरली.

उठता येऊ लागले तसा दलपतने कुणी न सांगता घाण्याला खांदा लावला. गरगरू नये म्हणून आवडाईने बैलाचे झापड त्याच्या डोळ्यांवर बांधले.

एका सकाळी पळालेले शत्रू हुडकत फौजेची तुकडी थेट अंगणात आली. दलपत घाणा ओढत होता, त्याला लपवायला वेळच नव्हता.

"हा कोण गं?" नाईकाने विचारले.

"माझा दादला. बैल तुम्ही नेलात, मग घाणा काय तुमचा आजा ओढणार?"

शिपाई खिदळले. नाईक हसला नाही. "नाव सांग रे."

एक शब्द निघाला असता तर बोलीवरून दलपत ओळखला गेला असता. त्याचे डोके गेले असते, आणि आसरा दिला म्हणून सातही घरे पेटली असती.

"घाणा चालू असताना ओढणाऱ्यानं बोलायचं नसतं," आवडाई म्हणाली. "तेल खवट होतं."

असला नेम कुठल्याच तेल्याच्या घरात नव्हता. तिने तो उभ्या उभ्या रचला.

"मग थांबव घाणा."

"तुमच्याच मशालींचं तेल आहे, नाईक. अर्ध्यात थांबवलं तर वाया जाईल. थांबवू?"

नाईक लिंबाखाली बसला. "होऊ दे पुरं. मग बोलेल."

दलपत फिरत राहिला. शिपायांनी खडे मारले, आईवरून शिव्या दिल्या. हूं नाही की चूं नाही. मांडीची जखम उकलली आणि घाण्याभोवती लाल वाट उमटू लागली. आवडाईने भीत भीत नाईकाकडे पाहिले. तो त्या वाटेकडेच पाहत होता.

तेल उतरले. नाईक उठला, बुधला भरून घेतला, आणि घाणा थांबायच्या आतच घोड्याकडे वळला.

"दादल्याला जेवू घाल, बाई. आणि पाय बांध त्याचा."

त्याला कळले नव्हते असे नाही, म्हणे. भाल्याच्या जखमा त्याने काय थोड्या पाहिल्या होत्या? पण त्यालाही मारून मारून वीट आला असावा.

तुकडी गेल्यावर सातही घरे अंगणात जमली. म्हातारा पाटील म्हणाला, "आवडे, चारचौघांत दादला म्हणालीस. आता गं?"

"आता काय? हळद आहेच घरात," ती म्हणाली, आणि तिने झापड सोडले.

डोळे चोळत दलपतने विचारले, "आता बोलू?"

आजही पाचव्या फेऱ्याला नवरी फडके सोडते, नवरदेव तेच विचारतो आणि मांडव हसून लोटपोट होतो. अर्धे गाव त्या दोघांच्या वंशातले, आणि ते कुणी लपवत नाही. पाहुणे, तुम्हीही कधी आपल्या घराण्याची वही लिहायला बसाल. कोण लढले ते लिहालच. पण कुणी लपवले आणि कुणी पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांचीही नावे मांडा. एवढा हिशेब चोख ठेवा.