हात न लावलेला पैसा

“म्हणजे हात लावला नाही, तर नेम मोडला नाही. बरोबर ना, अक्का?”

अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अक्का, मी तुम्हालाच विचारतेय.”

“ऐकलं.”

नीलांबिकेने ओठ आवळले. या मठात नेहमी असंच व्हायचं. काही विचारावं, तर आधी शेंगा सोलून व्हायच्या, मग दिवा लागायचा, मग कुणाला तरी खोकला यायचा आणि उत्तर राहून जायचं. कोल्हापुरात एम.कॉम. करताना तिने प्राध्यापकांना दारात अडवून उत्तरं घेतली होती. इथे ती वाट बघायला शिकत होती. अजून जमलं नव्हतं.

उद्या अक्का तिला दीक्षा देणार होत्या.

दीक्षा घेतलेल्या बाईने पैशाला शिवायचं नाही, हा हिरण्यकेशी नदीकाठच्या त्या लहानशा मठाचा नेम. नाणं नाही, नोट नाही. पैसा उंबरठ्याच्या आतसुद्धा यायचा नाही. भक्त जे देत, ते इराप्पाच्या पिशवीत पडे. तांदूळ इराप्पा आणी, एसटीचं तिकीट इराप्पा काढी, औषधाच्या दुकानात तोच उभा राही. खांद्याला खाकी पिशवी अडकवून तो अक्कांच्या मागून चाले, आणि त्या आत गेल्या की बाहेर पायरीवर बसे.

आता इराप्पाचे गुडघे गेले होते. उद्याचा प्रसाद घेऊन तो मिरजेला लेकीकडे जायचा होता, कायमचा. त्याची पिशवी उचलायला गावात कुणी तयार नव्हतं.

नीलांबिकेकडे उपाय होता. तिने मोबाइल अक्कांच्या सुपाशेजारी ठेवला.

“हे मोबाइलमधलं पाकीट. यात नऊशे रुपये आहेत. सकाळपासून उंबरठ्याच्या आत आहे. काही बुडालं का?”

“दाखव.”

“हा काय आकडा.”

“आकडा दिसला. रुपये दाखव.”

नीलांबिका हसली. म्हातारी आली एकदाची मुद्द्यावर.

“तेच तर सांगतेय. रुपये यात नाहीतच. मी भरलेले पैसे या पाकिटाच्या कंपनीने बँकेत ठेवलेत. इथे नुसती नोंद आहे, की त्यातले नऊशे माझे. नोट ज्याच्या हातात, त्याची. हे तसं नाही. दुकानात मी पैसे देतच नाही. ‘माझ्यातले याला दे,’ एवढं कंपनीला कळवते. ती देते.”

“तू सांगतेस, ती देते.”

“हो.”

“नाही दिले तर?”

“द्यावेच लागतात. तसा कायदा आहे.”

“म्हणजे तुझ्याजवळ पैसा नाही. कुणीतरी देईन म्हटलंय, एवढंच आहे.”

“एवढंच. मग एवढ्याला शिवलं म्हणून नेम कसा मोडेल?”

पायरीवरून इराप्पा म्हणाला, “आक्का, पोरगी वकील व्हायची ती चुकून हितं आली बघा.”

अक्का हसल्या. शेंगेतला दाणा त्यांनी सुपात टाकला.

“इराप्पा, तुझ्याच जागेवर येतंय हे. आम्ही सांगायचं, यानं द्यायचं. ही तुलाच मोबाइलमध्ये बसवून आली.”

“तसंच समजा,” नीलांबिका म्हणाली. “फक्त न थकणारा.”

अक्कांनी पायरीवरच्या इराप्पाकडे पाहिलं.

“अक्का?”

“मग नको.”

“का नको?”

अक्कांनी दुसरी शेंग घेतली.

नीलांबिकेचा संयम तिथे संपला. वर्षभराचा होता, तो एका शेंगेवर संपला.

“तुम्ही खाता तो तांदूळ काय आकाशातून पडतो? जन्मभर पैसा वापरलात तुम्ही, अक्का. खिसा तेवढा दुसऱ्याचा. तुमचे हात चोख राहावेत म्हणून इराप्पामामांनी आपले मळवले. आणि त्याचं बक्षीस काय, तर त्यांनाच आत यायला बंदी. पिशवी आत चालत नाही, आणि ती बाहेर टाकून यावं तर राखणार कोण? तुमचं प्रत्येक निरूपण या माणसाने पायरीवर बसून ऐकलं. माझ्या पाकिटाला निदान पायरीवर तरी बसावं लागणार नाही.”

अक्कांशी असं कुणी बोलत नसे. बोलून झाल्यावर नीलांबिकेच्याही ते लक्षात आलं. उद्याची दीक्षा आता होत नाही, हे तिला कळून चुकलं. पण शब्द परत घ्यावेत असं काही तिला वाटेना.

इराप्पाच आधी बोलला.

“ताई, मला काय तरास न्हाई. पायरीवर वारा लागतोय चांगला.”

“आणि पावसात?”

इराप्पाने धोतर गुडघ्यांवर ओढून घेतलं.

अक्कांचे हात थांबले. त्यांनी ओचा झटकला, टरफलं खाली पडली. त्या उठून उंबरठ्याशी गेल्या.

“इराप्पा, पिशवी दे.”

“पैसं हायती त्यात, आक्का.”

“म्हणूनच मागतेय.”

त्याने पिशवी पोटाशी घट्ट धरली. अक्कांनी खाली वाकून तिचा पट्टा त्याच्या खांद्यावरून काढला आणि आपल्या खांद्यावर घेतला. आत भक्तांची चिल्लर खुळखुळली. अक्कांचा खांदा एका बाजूला कलला. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

“जड आहे रे... कधी बोलला नाहीस.”

“तुमी इचारलं न्हाई कधी.” त्यात तक्रार नव्हती. एसटी किती वाजता, हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

“आत जा. बस.”

इराप्पा उठला. रिकाम्या खांद्यावरून त्याने हात फिरवला. धोतराच्या सोग्याने पाय पुसले, पुन्हा पुसले आणि उंबरठा ओलांडला. आत कुठे बसायचं ते त्याला समजेना. शेवटी तो सुपाशी बसला आणि उरलेल्या शेंगा सोलू लागला.

पिशवी आत चालत नव्हती. अक्का बाहेर पायरीवर बसल्या.

नीलांबिका मोबाइल हातात घेऊन मधेच उभी होती. आपण जिंकलो, असं तिला वाटत होतं. पण पायरीकडे तिला बघवेना.

“अक्का... तुमचा नेम.”

“गेला.”

“आणि माझी दीक्षा?”

अक्कांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“तुझं ते पाकीट जड आहे का गं?”

“छे. त्याला काही वजनच नाही.”

“मग ते कुणाच्या खांद्यावर आहे, ते बघून ये. दीक्षा तोवर थांबेल.”