पितळी पाट्यांचं मंत्रिमंडळ

“तिघांपैकी प्रत्येकाला इतर दोघांपेक्षा जास्त मिळालं पाहिजे! तरच मी मंत्र्यांच्या यादीवर सही करीन!” डेन्मार्कचा राजा कडाडला.

समोर बसलेले तिन्ही पक्षांचे पुढारी एकमेकांची तोंडं बघू लागले. निवडणूक होऊन सहा आठवडे झाले होते. एकट्याने सरकार बनवण्याइतक्या जागा कुणाकडेच नव्हत्या, म्हणून तिघांनी मिळून बनवायचं ठरलं होतं. सगळ्यात मोठ्या पक्षाच्या सिग्नेबाई पंतप्रधान होणार, इथवर एकमत होतं. पण बाकीची मंत्रिपदं वाटायला घेतली की थोर्वालराव रुसत, आणि त्यांची समजूत काढली की पालेराव टोपी उचलून चालू लागत. मागचं सरकार अशाच रुसव्याफुगव्यात अकरा महिन्यांत कोसळलं होतं. म्हणून यंदा राजा हट्टाला पेटला होता.

“महाराज, हे कसं शक्य आहे?” सिग्नेबाई म्हणाल्या.

“त्यात काय एवढं!” दाराबाहेरून आवाज आला.

बोलला होता एस्किल्ड. मंत्र्यांच्या दारांवर लावायच्या पितळी पाट्या कोरणारा कारागीर. वाटणी ठरली की लगेच कोरायला घ्यावं म्हणून तो रोज येऊन बाहेर बसायचा. आतापर्यंत वाटणी अकरा वेळा ठरली होती आणि अकराही वेळा मोडली होती. बोलताक्षणी त्याने जीभ चावली. ‘त्यात काय एवढं’ ही त्याची नुसती सवय होती. घरातला गळका नळ पाहूनही तो हेच म्हणाला होता. त्याला चार वर्षं झाली, नळ अजून गळत होता!

“आत ये!” राजा गरजला. “उद्या दुपारी बाराच्या आत तोड काढ. नाहीतर तुझ्या दुकानावरचा राजमुकुट खाली उतरेल!”

राजघराण्याचा कारागीर म्हणून दुकानावर मुकुट लावायचा मान त्याच्या आजोबांनी मिळवला होता. वडिलांनी तो टिकवला होता. एस्किल्डने स्वतःच्या हिमतीवर कमावलं होतं ते फक्त पोट!

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“तू? सरकार बनवणार?” ओटिलिया म्हणाली. “तुला जेवायला किती जण येणार तेसुद्धा धड सांगता येत नाही!”

“ते मला ठाऊक आहे गं. राजाला ठाऊक नाही, तीच तर पंचाईत आहे!”

त्याने आतापर्यंत फुकट गेलेल्या पाट्या टेबलावर ओतल्या आणि प्रत्येक पक्षाचा एक ढीग केला. “आता कुणाचा ढीग सगळ्यात मोठा, ते तूच सांग.”

ओटिलियाने कमरेवर हात ठेवून पाहिलं. “मोठा म्हणजे? पाट्या जास्त, की मजकूर जास्त, की लांबी जास्त?”

एस्किल्डने तिला कडकडून मिठी मारली आणि छिन्नी उचलली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तो पितळेने भरलेली हातगाडी ढकलत राजापुढे हजर झाला.

“मंत्री एकूण वीस, महाराज. सिग्नेबाई, तुम्ही धरून तुमचे नऊ. थोर्वालरावांचे सहा, पालेरावांचे पाच. माणसं कुणाची जास्त?”

“आमची!” सिग्नेबाई म्हणाल्या.

“हा अन्याय आहे!” थोर्वालराव उठले.

“बसा हो! तुमचा प्रत्येक मंत्री दोन-दोन खाती सांभाळणार. सहा जणांची खाती झाली बारा. सिग्नेबाईंची नऊच!”

थोर्वालरावांनी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि ते खाली बसले. “खाती आमची जास्त. हे खरं आहे.”

पालेरावांनी टोपी उचलली. “पाच माणसं, पाच खाती! मी निघालो.”

“निघा, पण जाताना तुमच्या पक्षाची ही एक पाटी वाचून जा,” एस्किल्ड म्हणाला. त्याने गाडीतून एक पाटी काढली. ती दोन नोकरांनी दोन टोकांना धरावी लागली. पालेराव वाचू लागले: “दूरदूरच्या बेटांवरील दीपगृहे, धक्के, होड्या व त्यांतून प्रवास करणाऱ्या समस्त नागरिकांच्या सुरक्षिततेचे खाते...” त्यांना मध्येच दम लागला. “हे एकच खातं?”

“एकच! तुमच्या पाच पाट्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर या दोघांच्या सगळ्या पाट्या मिळून त्यांच्या निम्म्या भरत नाहीत! डेन्मार्कात एवढा लांब हुद्दा आजवर कुणालाच मिळालेला नाही.”

पालेरावांची छाती फुगली. टोपी हळूच खुर्चीवर गेली.

राजाने तिघांनाही एकेक करून विचारलं, “सगळ्यात जास्त कुणाला मिळालं?”

“आम्हाला!” तिघेही म्हणाले, आणि तिघेही खरंच बोलत होते.

राजा खो खो हसत सुटला. हसता हसता त्याने यादीवर सही ठोकली. “वा रे एस्किल्ड! मुकुट तर राहिलाच, वर तुला बिनखात्याचा मंत्री करतो. एकविसावी खुर्ची तुझी!”

“नको, महाराज!” एस्किल्डने हात जोडले. “मी माझाच चौथा पक्ष होईन. त्याला काय द्यायचं हे ठरेपर्यंत आणखी सहा आठवडे जातील. शिवाय मला घरात कुणी विचारत नाही, देशात कोण विचारणार!”

राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिवाणखान्यात तिन्ही पुढारीही हसत होते, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच एका वेळी. राजाने स्वतःच्या मोटारीत एक अख्खा भाजलेला हंस ठेवायला लावला आणि एस्किल्डला मागच्या गादीवर बसवून थेट ओटिलियाच्या दारात पोहोचवलं.