धक्का न लागणारी गाडी

सकाळी बरोबर नऊला सुगंधाची रिक्षा अरुंद पुलावर अडली. मांडीवरचं बाळ तापानं फणफणलेलं आणि दवाखाना पलीकडच्या गावात. पुढं अण्णासाहेबांची नवी विलायती गाडी आडवी. ते लोकांना सांगत होते, "शंभर वर्षांची कंपनी. राजेरजवाडे हिच्यात फिरले. ही रस्त्यात बंद पडलेली कुणी पाहिली नाही."

"अण्णासाहेब, गाडी बाजूला घ्या ना. बाळाला लई ताप आहे."

"थांब गं, फोटो होऊ देत."

सुगंधा मागं वळून खोळंबलेल्या लोकांना म्हणाली, "दादांनो, धक्का मारायला या. अण्णासाहेबांची गाडी बंद पडलीय."

लोक बाह्या सरसावत निघाले, कुणी मोबाइलही काढला. अण्णासाहेबांनी घाईघाईनं गाडी सुरू केली, ती थेट पूल ओलांडूनच थांबवली.

बाळाला वेळेत औषध मिळालं. तान्ह्या लेकरांच्या आयांना सुगंधाची ही युक्ती जरूर सांगा.