ठकूची घोंगडी आणि महाराजांचं कुरण

“दिवस मावळेपर्यंत ह्या ढिगात एकही कुसळ राहता कामा नये!” राजे भवानजीराव गरजले. “राहिलं, तर तुमचा धनगरवाडा आणि तुमच्या मेंढ्या उद्याच माझ्या मुलखाबाहेर!”

ढीग तरी केवढा! गवताच्या बियांची वीस पोती राजवाड्याच्या चौकात ओतलेली. म्हाकू धनगराचा चेहराच उतरला. त्याची लेक ठकू मात्र ढिगाकडे टक लावून बघत राहिली. घरच्या दोनशे मेंढ्या, त्यांतल्या निम्म्या गाभण. त्यांना घेऊन जायचं तरी कुठे?

झालं होतं असं. ऐन उन्हाळ्यात वणवा लागला आणि महाराजांचं घोड्यांचं कुरण एका दुपारीत काळंठिक्कर पडलं. आता तिथे नुसता मारवेल पेरायचा, असा राजांचा हट्ट. मारवेल म्हणजे मऊ, गोड गवत, घोडी मिटक्या मारत खातात. आणि कुसळी गवताचं तर नावही काढायचं नाही! का म्हणाल, तर गेल्या शिकारीला महाराज दमून जिथे टेकले, तिथे नेमकं कुसळी गवत पिकलेलं होतं. पुढे आठवडाभर दरबार उभ्यानेच भरला. हसायची कुणाची छाती झाली नाही, एवढंच.

कारभारी दाजीपंतांनी घाईघाईने बी आणलं, तर ती निघाली मारवेल आणि कुसळाची खिचडी. दासींनी दोन दिवस निवडलं, बोटं सोलपटून घेतली आणि हात जोडले.

“पर ह्ये आमीच का निवडायचं, म्हाराज?” ठकूने विचारलं.

“कुरण तुम्ही जाळलंत म्हणून!” दाजीपंत मध्येच ओरडले.

“त्या दिशी कुरणात दोनच मंडळी हुती, पंत. आमच्या मेंढ्या आन तुमचा शिकारीचा तळ. आता आमच्या मेंढ्या काय चिलीम वडत न्हाईत!”

दाजीपंतांना एकदम खोकला आला. महाराजांनी मिशीवरून हात फिरवला, पण हुकूम काही मागे घेतला नाही.

ठकूने बापाच्या खांद्यावरची घोंगडी ओढली. “आबा, धरा दुसरं टोक!”

“अगं पोरी, निवडायचं सोडून झोपतीस का काय?”

“धरा तर!”

बापलेकीने बी चौकभर पातळ पसरलं आणि त्यावरून घोंगडी ओढत नेली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग उचलून हळूच झटकली. मारवेलचं हलकं बी भुरभुर खाली पडलं. कुसळं मात्र लोकरीत अशी रुतून बसली, की सुटायचं नाव नाही! घोंगडी भरली, की दुसरी आणायची. धनगरवाड्यावरच्या नऊ घोंगड्या कामाला लागल्या. सूर्य डोंगराआड जायच्या आत चौकात उरला फक्त मारवेल.

महाराज स्वतः ढिगात कोपरापर्यंत हात घालून आले. एक कुसळ टोचेल तर शपथ! पण हट्टी माणूस लगेच हरतो थोडाच?

“ठीक आहे. पण उद्या माझ्या कुरणात कुसळ उगवलं तर?”

“उगवंलच की!” ठकू म्हणाली.

म्हाकूने कपाळावर हात मारला.

“उगवेल? कसं उगवेल? सगळं जळून खाक झालंय!”

“म्हाराज, जरा तळहात पुढं करा.” ठकूने घोंगडीतून एक कुसळ उपटून महाराजांच्या तळव्यावर ठेवलं आणि तांब्यातलं पाणी थेंबभर सोडलं. कुसळाने आळस दिल्यासारखं अंग हलवलं आणि चक्क गोल फिरायला लागलं!

“अरे! अरे, हे काय!” महाराजांनी हात झटकला.

“वल लागली, की गडी असा गिरक्या घेत मातीत शिरतोय. वर वणवा पेटला, तवा ह्यो खाली बोटभर मातीत निवांत पडल्याला.”

“मग आता करायचं काय?” महाराजांचा आवाज बराच खाली आला होता.

“पाऊस झाला, की कुसळीच आधी वर येणार. येऊ द्या. कवळी असती तवर तिला कुसळ नसतंय, आन मेंढ्यांना तर ती पेढ्यावानी. मेंढ्यांनी ती खाऊन जमीन मोकळी केली, की मारवेल फेकायचा. बी लई हलकं, तवा मूठभर बी आन चार मुठी वली माती कालवायची, म्हंजे वारा न्हेत न्हाई. मागनं मेंढ्या एकडाव फिरवायच्या. खुरांनी बी दबतंय आन लेंड्यांचं खत मिळतंय. मग मारवेल मूळ धरंपत्तोर कुरण बंद! मेंढी न्हाई, घोडा न्हाई, म्हाराज बी न्हाईत. आन पुढल्या वर्सापासनं दर साली, कुसळ धरायच्या आधी, आमच्या मेंढ्या चार दीस आत.”

“म्हणजे ज्या मेंढ्या मी हाकलणार होतो, त्याच मी बोलवायच्या?”

“हाकला की, म्हाराज! मर्जी तुमची. पर मग पुढल्या शिकारीला बसायला चौरंग संगं न्या!”

म्हाकूने डोळेच मिटून घेतले. आणि एवढ्यात महाराज जे हसायला लागले, ते पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

“म्हाकू, तुझ्या लेकीने मला उभ्या दरबारात टोचलं रे!” ते म्हणाले. “लिहा! दर साल पावसाळ्यात ठकूच्या मेंढ्यांना कुरणाची वाट मोकळी. धनगरवाड्याला नव्या कोऱ्या नऊ घोंगड्या. आणि ह्या जुन्या घोंगड्यांतली कुसळं दाजीपंत स्वतः काढतील.”

“मी, महाराज?” दाजीपंत हबकले.

“तुम्हीच! एकेक करून. आणि घोंगडी खाली अंथरून, तिच्यावर बसून!”