निळा कागद

“मग आंबटपणा नेमका असतो कुठं?” मठाधिपती चन्नवीर अप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

षडाक्षरीनं डोळे मिटून घेतले. अकरा वर्षं त्यानं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं, पण मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा त्याला एवढं पिडलं नव्हतं.

“आत्ताच सांगितलं, अप्पा. कॅन्सरच्या गाठीभोवती.”

“भोवती. आत नाही?”

“भोवती.”

“बरं...”

पलीकडे खांबाला टेकून निलावती बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं कपाळापर्यंत ओढून घेतला होता. मांडीवर दवाखान्याची फाईल होती.

बालाघाटच्या डोंगरातल्या त्या मठात षडाक्षरीला येऊन चार वर्षं झाली होती. नोकरी सोडून आलेला, शिकलेला शिष्य म्हणून अप्पांनी औषधाची खोली त्याच्याकडे दिली. आधी तिथं खोकल्याचा काढा मिळायचा. षडाक्षरीनं शोधनिबंध वाचले, रात्रंदिवस विचार केला आणि काढा बंद करून खाण्याच्या सोड्याचं पाणी सुरू केलं. कॅन्सरला आंबटपणा आवडतो, तो मोडून काढायचा, एवढं त्याचं सूत्र होतं.

सोमवारी आणि गुरुवारी रांग लागायची. पाणी प्यायचं, तासाभरानं लघवीत लाल लिटमस कागद बुडवायचा. कागद निळा झाला, म्हणजे आंबटपणा गेला, असं समजून माणूस सुस्कारा टाकून घरी जायचा.

निलावती खालच्या गावात गोधड्या-वाकळा शिवायची. छातीत गाठ निघाली तेव्हा लातूरच्या डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितली. दोन झाली, केस गेले, आणि कुणीतरी तिला मठाचा रस्ता दाखवला. त्यानंतर ती लातूरला गेलीच नाही.

हे अप्पांना आज सकाळी कळलं. षडाक्षरी आंघोळीला गेला होता, म्हणून तिनं अप्पांनाच विचारलं होतं, “लातूरला जाणं सोडलं, पाणी दोनदा घेते, तीनदा घेऊ का? गाठ हाताला जरा मोठी लागतीय.”

“आता आतलं सांग,” अप्पा म्हणाले.

“आतलं म्हणजे?”

“पेशीच्या आतलं. तू वाचलंयस ना?”

षडाक्षरीनं एक श्वास सोडला. वैताग होता, पण हा त्याचा आवडता भाग होता. तो सरसावून बसला.

“घरात खोल्या असतात तशा पेशीत बारीक बारीक पिशव्या असतात. प्रत्येकीचा आंबटपणा वेगळा. काही तर फारच आंबट. आत आलेला टाकाऊ माल त्यांच्यात विरघळतो.”

“म्हणजे तिथं आंबट लागतं.”

“लागतंच. पेशीच्या दारावर निरोपे असतात. बाहेरून ‘वाढ’ असा सांगावा आला की तो घेऊन निरोप्या आत जातो. काम झालं की आंबट पिशवीत विरघळतो. सांगावा संपला.”

“आणि कॅन्सरात?”

“काही कॅन्सरांत त्या पिशव्यांचा आंबटपणाच उतरतो. मग निरोप्या विरघळत नाही. परत दारावर येतो. परत तेच. वाढ... वाढ... वाढ.”

“मग त्या पिशवीला काय पाहिजे?”

“आंबटपणा.”

“आणि गाठीभोवती?”

“तिथं कमी पाहिजे.”

“पेशी एकच?”

“एकच.”

“तुझं पाणी किती तऱ्हेचं आहे?”

षडाक्षरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्यांनी आयुष्यात प्रयोगशाळा पाहिली नाही, त्यांच्याशी हे बोलायचं तरी कसं?

“अप्पा, हे इतकं सोपं नसतं.”

“मी कुठं सोपं म्हणालो? सोपं तू केलंस.”

निलावतीनं एकदा षडाक्षरीकडे पाहिलं, एकदा अप्पांकडे.

“माझ्याकडे पुरावा आहे,” षडाक्षरी म्हणाला. तो उठून खोलीत गेला आणि वही घेऊन आला. वहीत प्रत्येक माणसाच्या नावापुढे वाळलेला कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. निलावतीच्या पानावर असे सतरा तुकडे होते, पहिला लाल, बाकी सोळा निळे.

“बघा. आली तेव्हा लाल होता. दुसऱ्या वेळेपासून निळा. एकदाही चुकला नाही.”

अप्पांनी पानावरून बोट फिरवलं.

“कागद खरं बोलतो?”

“कागद खोटं बोलत नाही.”

“हा कशात बुडवलेला?”

“लघवीत. सांगितलं ना.”

“गाठीत बुडवलास?”

“गाठीत कसा बुडवणार?”

“रक्तात?”

“रक्तात काही दिसणार नाही.” षडाक्षरीचा आवाज चढला. “रक्त आपला आंबटपणा हलू देत नाही, अप्पा. केसभरही नाही. हलला तर माणूस जगायचा नाही. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं त्याची राखण करतात. जास्तीचं जे काही आलं, ते बाहेर टाकतात.”

“कुठून टाकतात?”

“लघवीतू...”

शब्द अर्धाच राहिला.

देवळीजवळ एक मांजर अंग चाटत होतं. खालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

षडाक्षरीनं वही जवळ ओढली. सोळा निळे तुकडे. हे तो पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आला होता. फळ्यावर आकृती काढून, प्रश्नपत्रिकेत विचारून. रक्ताचा आंबटपणा कसा टिकतो, जास्तीचं कुठून बाहेर पडतं ते लिहा, गुण पाच.

“म्हणजे तू दिलेलं बाहेर पडलं,” अप्पा हळू म्हणाले. “कागदानं तेच सांगितलं. दर वेळी सांगितलं. आणि ते बघून ही बाई घरी थांबली.”

“मी तिला जाऊ नको म्हणालो नव्हतो.”

“जा म्हणालास?”

“लोक घाबरलेले येतात, अप्पा,” तो म्हणाला. “तोंडं बघवत नाहीत. हातात काहीतरी द्यावं वाटतं. निळा झाला म्हटलं की चेहरा खुलतो त्यांचा...”

“त्यांचा, का तुझा?”

षडाक्षरीनं वही मिटून खाली ठेवली.

अप्पांनी हात पुढे केला. निलावतीनं फाईल दिली. त्यांनी ती न उघडता शिष्याच्या मांडीवर ठेवली.

“वाच.”

“काय?”

“तारखा.”

डॉक्टरांनी सहा तारखा लिहिलेल्या होत्या. पहिल्या दोन तारखांपुढे बरोबरची खूण होती. तिसरी होती आषाढातली. चौथीही उलटून गेली होती. आणि पानाच्या कोऱ्या बाजूला त्याचंच वळणदार अक्षर होतं. चिंच बंद, लिंबू बंद, ताक बंद, आंबट चुका बंद.

त्यानं तारखा वाचल्या. वाचून झाल्यावर अप्पा म्हणाले, “पुन्हा.” त्यानं पुन्हा वाचल्या.

“दोन महिने वरणात चिंच टाकली नाही मी,” निलावती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला फक्त हिशेब लागत नव्हता. “पाहुणे आले तरी नाही टाकली. ते उगंच का, अप्पा?”

“उगंच.”

मग निलावतीनं विचारलं, “लई उशीर झाला का?”

षडाक्षरीला वाटलं, अप्पा आता धीराचं काहीतरी बोलतील. लोक त्यासाठीच तर डोंगर चढून यायचे.

“मला ठाऊक नाही, बाई,” अप्पा म्हणाले. “डॉक्टरांना विचारावं लागेल. उद्या सकाळच्या गाडीनं जा. हा येईल बरोबर.”

“मी?” षडाक्षरी म्हणाला.

“राहिलेल्या सगळ्या इंजेक्शनांना. आणि तुझ्या वहीत जेवढी नावं आहेत, त्यांच्या घरी आजच जायचं. प्रत्येकाला सांगायचं, मी चुकलो, दवाखाना सोडू नका.”

“अप्पा, त्रेचाळीस घरं आहेत.”

“मग लवकर निघ.”

“लोक काय म्हणतील मला?”

अप्पांनी वही त्याच्यापुढे सरकवली. षडाक्षरी उठला आणि वहीतली नावं बघत पायऱ्या उतरला. संध्याकाळपर्यंत सत्तावीस घरं झाली, उरलेली रात्री. एका घरात त्याला पाणीही विचारलं नाही. एका घरात म्हातारीनं ऐकून घेतलं आणि तरीही त्याच्याकडे सोड्याची पुडी मागितली. तिला तीच गोष्ट त्यानं चार वेळा सांगितली. मनातून तो चरफडत होता. तिच्यावर, अप्पांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

सकाळी निलावती फाट्यावर येऊन उभी होती. अप्पा एवढ्या वयात डोंगर उतरून आले होते. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातलं पितळी तस्त होतं, जेवल्यावर हात धुवायला पुढे करतात तसलं. त्यांनी ते षडाक्षरीच्या हातात दिलं.

त्यानं तस्ताकडे पाहिलं, मग अप्पांकडे. लांबून गाडी दिसायला लागली होती.

“तिथं गेल्यावर तिला मी काय सांगू, अप्पा?”

“काही सांगू नकोस. इंजेक्शन झाल्यावर तिला उलट्या होतील. तू हे धर.”

“आणि?”

“आंबट वास येईल. तोंड फिरवू नकोस.”