सारजाच्या सायकलचा आस

खडकनेरच्या महाराजांना डोंगरातल्या सायकल शर्यतीचा भारी नाद. प्रधानजी दर वर्षी चाकाच्या आसाचे नवे माप जाहीर करीत आणि जुन्या मापाच्या सायकली बाद होत. सारजा लोहारणीने वर्षभर खपून सायकल बांधली होती. प्रधानजींनी तिच्या मागच्या चाकाला पट्टी लावली.

"एकशे बेचाळीस मिलिमीटर! यंदा एकशे अठ्ठेचाळीस हवेत. असल्या आसाने वेग येत नाही, पोरी. चल, बाजूला हो."

"वेग कशाला, प्रधानजी?" सारजा म्हणाली. "महाराजांच्या पुढे कोणी जायचे नाही, हा इथला रिवाज. म्हणून मी सगळे लक्ष ब्रेकवर दिले. चार बसवलेत."

शेजारीच उभे असलेले महाराज चमकले. "म्हणजे गेल्या वर्षी मी जिंकलो, ते..."

"महाराज, वाटेत तुम्ही उतरून दोन पेरू खाल्लेत. आम्ही चाळीस जण मागे ब्रेक दाबून उभे होतो."

महाराजांनी तिथल्या तिथे रिवाज मोडला आणि सारजाची सायकल पास केली. तिने दोन ब्रेक काढून टाकले आणि पहिली आली.

महाराज चाळिसावे आले. एकेचाळिसावे आले ते प्रधानजी. त्यांचा आस अगदी नव्या मापाचा होता.