कण्हेरीच्या वशाची कहाणी

ऐका, सूर्यनारायणा, तुमची कहाणी. आटपाट नगर, तिथं उन्हाळा फार. वेशीबाहेर येसू पाथरवटीण राही. तिची लेक ठमी, सात वर्षांची झाली तरी मुकी. येसू रडे, नवससायास करी, पण पोरीला वाचा फुटेना.

एके दिवशी सूर्याची आई म्हातारीच्या रूपानं आली. येसूनं तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "आजी, लेक बोलेल असा काही वसा सांगा." म्हातारी म्हणाली, "आखाडात तांबड्या कण्हेरीची काडी घ्यावी, मुरमात रोवावी. जीव धरीपर्यंत पाणी द्यावं, मग रोज घालू नये, मुळं कुजतात. बहर सरला की छाटावी, चिकाचे हात धुवावे. दर आदितवारी तिचं फूल सूर्याला वाहावं. फूल आपल्या हातच्या झाडाचं असावं, दुसऱ्याचं तोडू नये."

येसूनं वसा घेतला. कण्हेर फुटली, वाढली. शेळ्या हुंगून पुढं जात. मग दुष्काळ पडला. राणीच्या बागेतली जाई जळली, मोगरा जळला, शेवंती जळली. कण्हेर तेवढी फुललेली.

आदितवारी राणीच्या दासी आल्या, परडी भरून गेल्या. येसूला फूल उरलं नाही, पूजा राहिली. ती गप्प बसली. दुसऱ्या आदितवारी आल्या, कळ्यासुद्धा ओरबाडल्या. येसू म्हणाली, "बायांनो, माझ्या लेकीचा वसा आहे." दासी म्हणाल्या, "देवाचीच फुलं, त्यात तुझं-माझं कसलं?" ऐकताय ना? कुंपणातून हात घालणाऱ्या सगळ्या हेच म्हणतात, आणि वर पुण्यही मागतात. येसूच्या अंगाची आग झाली, तरी ती गप्पच बसली.

मग म्हातारी आली. येसूचे डोळे लाल झाले होते. म्हातारीनं विचारलं, "राग आला का ग?" "आला, आजी. पण गरिबानं राग गिळावा." "तू गिळतेस, आणि लेकीनं बोलावं म्हणतेस?" एवढं बोलून ती निघून गेली.

तिसऱ्या आदितवारी राणी स्वतः आली, गडी नि कुदळी घेऊन. म्हणाली, "झाडच उपटून न्या." गड्यानं कुदळ उचलली. तशी ठमी धावली, झाडाला आडवी झाली. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि ती बोलली, "हात लावू नका. माझ्या आईनं लावलंय."

सारं गिळायच्या सवयीनं येसूचा हात लेकीच्या तोंडावर गेला. तिथंच थबकला. मग तिनं तो काढून घेतला. म्हणाली, "बोल बाई, अजून बोल."

ठमी बोलत राहिली. गड्यानं कुदळ टाकली. राणीची मान खाली गेली. ती म्हणाली, "बाई, मला एक काडी दे." येसू म्हणाली, "छाटणीला या, देईन. खड्डा मात्र तुमच्या हातानं खणा."

जशी ठमीला वाचा फुटली, तशी तुम्हां-आम्हां गिळून बसलेल्यांना फुटो. ही साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, सुफळ संपूर्ण.